घटका भरली की रिले ओढतो

रात्री थ्री फेज आली की आमच्याकडे शिवारातल्या मोटरी एका दमात सुरू होतात. स्टार्टर ‘ऑटो’वर टाकून माणसं घरी झोपलेली असतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि अशा वीस मोटरी एकाच क्षणी जाग्या झाल्या की व्होल्टेज बसतं, फ्यूज जातो, कधी टीसीच, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मरच, जळते. (चंदगडचा पाहुणा तिला डीपी म्हणतो, बेळगावकडच्या खानापूरचा यजमान टीसी. वस्तू तीच.) म्हणून या भागातलं पोरगं सोल्डरिंग शिकू लागलं की घरचे त्याच्याकडे पहिलं काम टाकतात ते टायमरचं: करंट आल्यावर जरा थांबायचं आणि मग मोटर उचलायची.

हे ‘जरा थांबणं’ मोजायचं कसं, हा प्रश्न विजेपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर तांब्याच्या वाटीत होतं. बुडाला बारीक भोक पाडलेलं घटिकापात्र घंगाळातल्या पाण्यावर सोडायचं. ते हळूहळू भरतं आणि बुडतं. सूर्यसिद्धांतात त्याचं माप दिलं आहे: अहोरात्रात साठ वेळा बुडेल अशी वाटी हवी. म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची, आणि घटकेचा साठावा भाग असलेलं पळ चोवीस सेकंदांचं. लग्नात जोशीबुवा घंगाळापाशी बसून वाटीवर डोळा ठेवत. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग तिथलाच.

नव्या मुलाला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, समजावताना मी याच वाटीपासून सुरुवात करतो. (पंखे दुरुस्त करणारे त्याला अजून कंडेन्सर म्हणतात, तेही चालतं.) वाटी म्हणजे कपॅसिटर, भोक म्हणजे करंटला अडवणारा रेझिस्टर. भोक बारीक केलं किंवा वाटी मोठी घेतली की वेळ वाढतो. फरक एवढाच की वाटी भरली की आपण होऊन बुडते. कपॅसिटर भरला तरी कुणाला सांगत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला एक जोशी लागतो. टायमरचा पुढचा सगळा इतिहास हा जोशी शोधण्याचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आंरी अब्राहम आणि यूजीन ब्लॉक या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) एकमेकांच्या गळ्यात बांधले. एक चालू झाला की दुसरा बंद, कपॅसिटर भरला की उलट. १९१९ साली त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली. त्यांना वेळ मोजायची नव्हती, वायरलेसच्या लहरींची फ्रिक्वेन्सी मोजायची होती. या सर्किटमधून एका लहरीबरोबर तिच्या पटीतल्या कितीतरी लहरी निघत, म्हणून त्यांनी त्याला मल्टिव्हायब्रेटर असं नाव दिलं. पुढे व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले, सर्किट तेच राहिलं. आज बीसी५४७ नावाचे दोन ट्रान्झिस्टर लावून आलटून पालटून दोन एलईडी लुकलुकवणारं पोर नकळत तेच करत असतं.

तोवर इकडे बाजारात वेळ मोजण्याचं काम मोटरच करत होती. मांडवाच्या रोषणाईत बल्ब एकामागून एक पळताना दिसत, त्यामागे एक लाकडी रूळ असे. रुळावर तांब्याच्या पत्र्याचे तुकडे नागमोडी ठोकलेले, वर पितळी पट्ट्या टेकलेल्या, आणि छोटी मोटर तो रूळ फिरवत राही. पत्रा पट्टीखाली आला की त्या ओळीतले बल्ब पेटत. मी लहानपणी गणपतीचा देखावा बघायला म्हणून जायचो आणि मांडवाच्या मागे जाऊन तो रूळच बघत बसायचो. पट्टीपाशी निळ्या ठिणग्या उडत, आणि ऑपरेटर ‘ए, लांब हो की!’ म्हणून ओरडे. पुढे हेच काम ५५५ आणि ४०१७ या दोन आयसींवर, म्हणजे पाय असलेल्या छोट्या चिपांवर, आलं. पहिला ठोके देतो, दुसरा दहा पायांवर एकेक करून ते वाटतो. घरच्या मखराभोवतीची ‘रनिंग लाइट’ तीच.

आता ५५५ कडे येऊ, कारण घंगाळापाशी बसणारा जोशी तिथेच सापडला. हान्स कामेंझिंड हे मूळचे झुरिकचे. १९६० साली ते अमेरिकेत गेले, सिग्नेटिक्स या कंपनीत नोकरी केली, ती सोडली आणि मग त्याच कंपनीला टायमरच्या आयसीची कल्पना बाहेरून विकली. तिथल्या इंजिनिअरांनी नाक मुरडलं. आपले दुसरे आयसी जोडून लोक टायमर बनवतातच, मग हा वेगळा कशाला, असं त्यांचं म्हणणं. विक्री बघणाऱ्या आर्ट फ्यूरी यांनी मात्र ती उचलून धरली. पहिल्या आराखड्याला नऊ पाय लागत होते. कपॅसिटर एकसारख्या वेगाने भरावा म्हणून आत खास व्यवस्था होती, तिच्यापायी एक पाय वाढला होता. ती काढून साधा रेझिस्टर लावला तरी भागतं, हे कामेंझिंडना नंतर सुचलं. पाय आठ झाले, आयसी लहान आणि स्वस्त पॅकेजमध्ये बसला आणि १९७२ साली बाजारात आला. आत पाच-पाच किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत म्हणून नाव ५५५, असं आमच्याकडे प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. आकडा फ्यूरी यांनी आपल्या आवडीने ठेवला, असं खुद्द कामेंझिंड सांगत.

ते तीन रेझिस्टर मात्र खरे आहेत, आणि सगळी गंमत त्यांच्यातच आहे. ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन सारखे भाग करतात. एका खुणेवर एक जोशी, दुसरीवर दुसरा. कपॅसिटर एक तृतीयांशाच्या खाली असला की पहिला ‘चालू’ म्हणतो, दोन तृतीयांशाला पोचला की दुसरा ‘बंद’ म्हणतो. काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं नाही, कारण कपॅसिटर जसजसा भरतो तसतसा मंदावतो. शेवटच्या टप्प्यात तर तो जवळपास थबकतो, आणि तिथे खूण ठेवली तर जराशा चुकीने वेळ कुठल्या कुठे जाईल. शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत लागणारा वेळ म्हणजे १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर.

आमच्या भागाला याचा खरा फायदा वेगळाच आहे. पुरवठा १२ व्होल्टऐवजी ९ वर आला तर कपॅसिटर सावकाश भरतो, पण खूणही त्याच प्रमाणात खाली सरकते. वेळ तेवढीच राहते. मोजणी चालू असतानाच झटका बसला तर गोष्ट निराळी, पण संथपणे बसलेल्या व्होल्टेजला हा आयसी दाद देत नाही. अशी लाइन असलेल्या शिवारात याहून भरवशाचा जोशी स्वस्तात मिळणं कठीण.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा असाच टायमर घेऊन आला. पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. पुस्तक इंग्रजी, सर कन्नड, घरी मराठी, त्यामुळे एकाच पायाला तीन नावं. २ आणि ६ नंबरचे पाय त्याने बरोबर जोडले होते. रेझिस्टर ४७० किलोओहम, कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण ५२ सेकंद, दोन पळं आणि वर चार सेकंद. पण त्याचा रिले, म्हणजे मोटर चालू करणारा चुंबकाचा स्विच, करंट आल्या आल्या ओढायचा आणि वेळ संपली की सोडायचा, नेमका उलटा. रिलेचं एक टोक त्याने ग्राउंडला दिलं होतं. ते काढून प्लसला जोडायला लावलं, कारण या जोडणीत ३ नंबरचा, म्हणजे आउटपुटचा, पाय आधी वर असतो आणि घटका भरली की खाली येतो. रिले सुटताना बसणारा झटका गिळणारा डायोडही नव्हता, तोही डाग देऊन बसवला.

पुन्हा लावलं. स्टॉपवॉचवर ५२ झाले, काही नाही. ५५, काही नाही. ६१ ला रिले ‘टक्’ झाला. मुलाचं तोंड उतरलं. बाजारातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर जो आकडा छापलेला असतो त्यात वीस टक्के इकडे-तिकडे धरूनच चालायचं, हे मी त्याला सांगितलं. त्याने चिकटपट्टीवर ‘६१’ लिहून ती डबीला लावली आणि थोड्या वेळाने विचारलं, ‘काका, शेजारच्यांनी पण माझ्याकडनं हाच टायमर करून घेतला तर? सगळ्यांचे ५२ ला एकदमच सुरू होतील की.’

मी त्याच्यासमोर पाच कपॅसिटर ठेवले, एकाच पाकिटातले, आणि सांगितलं की एकेक लावून बघ. त्याने वहीत आकडे मांडले. पाचातले कुठलेही दोन सारखे आले नाहीत.