चेहरा अलेक्झांडरचा, नाणे लायसिमाकसचे

सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला तरुण चांदीच्या ग्रीक नाण्यावर दिसला, की बहुतेक जण म्हणतात, ‘हा अलेक्झांडर!’ मागे नावही अलेक्झांडरचेच असते, मग शंका कशाला येईल? पण तो आहे हेराक्लिस, ग्रीक पुराणकथांतला महावीर. मॅसिडोनियाचे राजघराणे आपले मूळ हेराक्लिसपर्यंत नेऊन भिडवत असे. अलेक्झांडरच्या पूर्वजांच्या नाण्यांवरही हा चेहरा येऊन गेला होता. मागच्या बाजूला आसनावर देवांचा राजा झ्यूस, एका हातात गरुड, दुसऱ्यात राजदंड.

प्रत्यक्ष अलेक्झांडर पाहायचा तर लायसिमाकसचे नाणे हाती घ्यावे. हेराक्लिसच्या नाण्यासारखेच तेही चार ड्राक्मांचे (ड्राक्मा हे ग्रीकांचे चलन), वजन तेवढेच, सुमारे 17 ग्रॅम. उसळलेले केस, किंचित वर लागलेली नजर, कपाळावरून राजपदाची पट्टी आणि कानावरून वळलेले मेंढ्याचे शिंग. शिंग ही पक्की खूण. ते अमॉन देवाचे. इ.स.पू. 331 मध्ये अलेक्झांडर इजिप्तमधल्या सिवा येथे अमॉनचा कौल घ्यायला गेला होता आणि तिथल्या पुजाऱ्याने त्याला देवाचा पुत्र म्हटले, असे प्राचीन लेखक सांगतात.

लायसिमाकस हा अलेक्झांडरचा अंगरक्षक, पुढे थ्रेसचा, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या परिसराचा राजा. जन्माने तो राजघराण्यातला नव्हता, म्हणून हक्क सांगायचा तर अलेक्झांडरच्याच नावाने. इ.स.पू. 301 मध्ये अलेक्झांडरच्या सेनापतींमधल्या इप्ससच्या लढाईनंतर आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा) मोठा भाग त्याच्या हाती आला आणि काही वर्षांत हे नाणे पाडले जाऊ लागले. मागे अथीना देवी बसलेली आहे, तिच्या तळहातावर चिमुकली विजयदेवता नायकी. नायकीच्या हातातला हार नेमका लायसिमाकसच्या नावातल्या अक्षरांवर टेकतो. दर्शनी बाजू धन्याला दिली, पण विजयाचा हार स्वतःच्या नावाला घातला! ठसे कोरणाऱ्याची ही सूचकता मला संपूर्ण ग्रीक नाणेकलेत फार मोलाची वाटते.

नावावरून काळ मात्र ठरवू नये. अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये गेला, लायसिमाकस इ.स.पू. 281 मध्ये कोरुपेडियनच्या रणात पडला. पण व्यापारात या नाण्यांची पत इतकी होती, की अनेक शहरे ती पुढे दोन शतकांहून अधिक काळ पाडत राहिली. तिथे आसनाजवळच्या बारीक खुणा कामी येतात. लायसिमाकसच्या नाण्यावर अथीनाच्या पायाखाली त्रिशूळ आडवा दिसला, तर ते बायझँटियमच्या (आजच्या इस्तंबूलच्या) टाकसाळीतले, लायसिमाकसच्या मृत्यूनंतरचे.