फोटोची कॉपीराइट नोटीस (मागणीपत्र)

वेबसाइटवर परवाना न घेता लावलेल्या फोटोबद्दल फोटोचा मालक, त्याची एजन्सी किंवा वकील जे पैसे मागणारं पत्र पाठवतो ते. आपल्याकडे सरसकट 'नोटीस आली' म्हणतात, पण ही कोर्टाची नोटीस नसते आणि समन्स तर नाहीच, दावा लावण्याआधीची ती खाजगी मागणी असते आणि बऱ्याचदा नुसत्या ईमेलने येते. कॉपीराइटला मराठीत प्रताधिकार, स्वामित्वहक्क, लेखाधिकार असे तीन शब्द चालतात, त्यातला लेखाधिकार फोटोच्या बाबतीत अगदीच विचित्र वाटतो, म्हणून इथे कॉपीराइटच ठेवलाय, पत्र मिळालेला माणूसही तेच म्हणतो.

पत्राचा साचा ठरलेला. वर केस नंबर, खाली मूळ फोटोची छोटी प्रत, शेजारी आपल्याच पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट, मग रक्कम, दहा-चौदा दिवसांची मुदत आणि पैसे भरायची लिंक. फोटो बहुधा अगदी साधा असतो, चकलीचं ताट, स्टेथोस्कोप, पावसातला घाट, जो साइट बनवणाऱ्या पोराने तीन वर्षांपूर्वी गुगलवरून उचलून टाकलेला असतो आणि साइटच्या मालकाला तो आपल्या साइटवर आहे हेही माहीत नसतं. फोटो काढून टाकला तरी आजवरच्या वापराचे पैसे द्यावे लागतील, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात हमखास असतं.

ही पद्धत आली कुठून याबद्दल दोन मतं आहेत. एक मत तिचं मूळ जर्मनीच्या 'आबमानुंग'मध्ये शोधतं. तिथे कोर्टात जाण्याआधी वकिलामार्फत इशारापत्र पाठवायचं आणि त्या पत्राचा खर्च समोरच्याकडूनच वसूल करायचा ही रीत जुनी आहे, १९६९ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने स्पर्धा-कायद्याच्या एका प्रकरणात अशा खर्चाला मान्यता दिली (आणि योगायोग असा की तो निकाल 'फोटो स्पर्धा' याच नावाने ओळखला जातो). पुढे या पत्रांचा इतका सुळसुळाट झाला की २००८ मध्ये कॉपीराइट कायद्यात खास कलम घालून किरकोळ प्रकरणांत वकिलाच्या फीवर मर्यादा आणावी लागली आणि २०१३ मध्ये ते कलम परत बदललं. दुसरं मत म्हणजे ही पद्धत खरी गेटी इमेजेससारख्या मोठ्या स्टॉक-फोटो एजन्सींची (तयार फोटोंचे परवाने विकणाऱ्या कंपन्यांची), २००० नंतरच्या दशकातली, जेव्हा फोटो ओळखणारी सॉफ्टवेअर्स वेबभर फिरायला लागली, त्यातली इस्रायलची पिकस्काउट कंपनी तर गेटीने २०११ मध्ये विकतच घेतली. इंग्रजीत 'गेटी लेटर' हे जवळजवळ सामान्यनाम झालं ते यामुळेच. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण आबमानुंगमध्ये मुख्य मागणी 'परत करणार नाही, केलं तर इतका दंड भरीन' अशा लेखी हमीची असते आणि पैसे तिच्या मागून येतात, तर आजच्या पत्रात हमीला फारसं कोणी विचारत नाही, रक्कम हाच मुद्दा असतो. अर्थात जर्मनीत दोन्ही आता एकमेकांत मिसळलेत.

रक्कम कशी ठरते हा सगळ्यात भांडणाचा भाग. एजन्सी आपल्या दरपत्रकातला परवाना धरते, त्यावर 'अनधिकृत वापर' म्हणून काही पट चढवते, शोध घेण्याचा खर्च लावते. जर्मनीत तर व्यावसायिक फोटोग्राफरांच्या दरांचे तक्ते प्रसिद्ध होतात आणि पत्रांत तेच आकडे चिकटवलेले असतात, पण २०१८ मध्ये स्पोर्ट्स कारच्या एका हौशी फोटोबाबत तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १०० युरो परवाना आणि नाव न दिल्याबद्दल आणखी तेवढेच, एवढ्यावर भागवलं. अमेरिकेत वेगळंच गणित आहे. तिथल्या कायद्यात नुकसान सिद्ध न करता एका फोटोमागे ७५० ते ३०,००० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर १,५०,००० पर्यंत मिळू शकतात आणि पत्रात नेमका हा शेवटचा आकडा ठळक अक्षरात असतो, मात्र त्यासाठी फोटोची नोंदणी उल्लंघनाआधी (किंवा प्रसिद्धीपासून तीन महिन्यांत) झालेली लागते, हे पत्रात बारीक अक्षरातही नसतं. म्हणून अमेरिकी पत्राला पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा आणि तारखेचा.

भारतात अशी ठोक नुकसानभरपाई कायद्यात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि डॉलरमधला आकडा बघून हात थरथरतात. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात फोटो ही 'कलाकृती' धरली आहे, तीत कलात्मक गुण असो वा नसो, म्हणजे 'साधा तर फोटो आहे' हा बचाव चालत नाही. नोंदणी सक्तीची नाही, मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात हे परत स्पष्ट केलं. कलम ५५ मात्र प्रतिवादीला थोडं सांभाळून घेतं, कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं हे सिद्ध झालं तर फोटोमालकाला पुढच्या वापराला मनाई आणि नफ्यातला वाटा एवढंच मिळतं. पण गुगलवरून घेतलेल्या फोटोला हे लागू करणं अवघड, कारण फोटो कोणाचा तरी असणारच हे सगळ्यांनाच कळतं. दुसऱ्या बाजूला कलम ६३ आहे, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड, आणि २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र ठरवल्यापासून वकिलांच्या पत्रांत या कलमाला एकदम भाव आलाय. फराळाच्या फोटोवरून कोणाला अटक होईल असं नाही, पण कलम लिहायला पैसे पडत नाहीत.

याच कायद्यातलं कलम ६० कोणी फारसं वापरत नाही. विनाकारण खटल्याची धमकी देणाऱ्याविरुद्ध, तुमची धमकी निराधार आहे असं जाहीर करून मागता येतं, धमकी थांबवायचा आदेश मागता येतो, झालेलं नुकसानही मागता येतं, मात्र धमकी देणाऱ्याने खरंच दावा लावून तो नेटाने चालवला तर हे कलम लागू होत नाही.

पत्र पाठवणाऱ्याला मुळात हक्क आहे का, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा कामाला येतो. भारतात मालक किंवा अनन्य परवानाधारकच (ज्याच्या एकट्याकडेच परवाना आहे असा) दावा करू शकतो, नुसत्या विक्री-एजंटला ते जमत नाही, अमेरिकेतही साधारण तसंच. लास वेगासच्या राइटहेवन कंपनीने २०१० पासून वृत्तपत्रांचे मजकूर आणि फोटो यावरून शेकडो दावे लावले आणि शेवटी कोर्टात कळलं की वृत्तपत्राने तिला फक्त दावा लावायचा हक्क दिलाय, कॉपीराइट खऱ्या अर्थाने दिलेलाच नाही, धंदा तिथेच बसला. त्याहून गमतीचं प्रकरण कॅरल हायस्मिथ या फोटोग्राफरचं, तिने हजारो फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकलेले आणि तिलाच तिच्या स्वतःच्या फोटोबद्दल १२० डॉलरची मागणी आली. २०१६ मध्ये तिने हे फोटो विकणाऱ्या गेटी आणि इतरांवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला. पण त्याच वर्षी कोर्टाने त्यातला मोठा भाग काढून टाकला, कारण ज्या फोटोवरचा हक्क सोडून दिला त्यावरून कॉपीराइटचा दावा करता येत नाही. फुकट फोटोचाही परवाना विकता येतो एवढं मात्र त्यातून सगळ्यांना कळलं.

पत्र आल्यावर लोक दोन टोकं गाठतात, ईमेल डिलीट करणं किंवा त्याच रात्री कार्डने पैसे भरणं. जाणकार सांगतात ते असं की आधी आपल्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा, मग फोटो पानावरून आणि सर्व्हरच्या फोल्डरमधूनही काढावा (नुसता पानावरून काढला तर फाइलची लिंक चालूच राहते आणि पुढच्या पत्रात तीच येते), जुन्या मेलमध्ये स्टॉक साइटची पावती किंवा थीमसोबतचा परवाना सापडतो का बघावं, साइट कोणी केली त्याच्याकडे विचारणा करावी, पण पत्राला उत्तर साइटमालकालाच द्यायचं असतं, डिझायनरकडून वसुली हा नंतरचा वेगळा विषय. उत्तर दोन-चार ओळींचं, हक्काचा पुरावा, फोटो पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख आणि नेहमीच्या परवान्याचा दर मागणारं. 'हो, चुकून वापरला, माफ करा' असं पहिल्याच मेलमध्ये लिहू नये. दर कळला की त्याच्या आसपास घासाघीस होते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कोर्टात फार थोडी जातात, फक्त पैसे देताना 'या फोटोबद्दल पुढे दावा नाही' असं लेखी घ्यायला विसरू नये. भारतात भरपाईच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा गप्प बसलो म्हणजे प्रकरण विझलं असं धरून चालता येत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ठरावीक अटी पाळून कोणालाही फुकट वापरता येणारे, फोटो सुरक्षित असा समज आहे, तो अर्धाच खरा. फोटोग्राफरचं नाव आणि परवान्याची लिंक न दिल्यास परवाना आपोआप संपतो आणि अशा चुका शोधून पत्रं पाठवणारेही आहेत. २०१३ च्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की परवाना परत मिळतो, जुन्या आवृत्त्यांत ही सोय नाही.

जुन्या फोटोंचं वेगळं. पूर्वी भारतात फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून ६० वर्षं होता, जून २०१२ च्या दुरुस्तीने तो फोटोग्राफरचं आयुष्य अधिक ६० वर्षं झाला, पण संपलेला हक्क त्याने परत जिवंत होत नाही. त्यामुळे १९५१ किंवा त्याआधी इथे प्रसिद्ध झालेला जुन्या गिरगावाचा फोटो भारतात मोकळा आहे आणि कोणी त्याच्या स्कॅनवर शिक्का मारून पैसे मागितले तर आधी पहिल्या प्रसिद्धीचं वर्ष विचारावं.