साठीनंतर पेटी शिकता येत नाही, हा गैरसमज
सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला येणाऱ्या सोलापूरकर ज्येष्ठांच्या बोलण्यात ‘साठीनंतर मेंदू नवे काही घेत नाही, मग पेटी कसली शिकायची’ हा समज अनेकदा डोकावतो. तो खरा नाही. अमेरिकेतील ६० ते ८५ वर्षांच्या, संगीताची फारशी ओळख नसलेल्या व्यक्तींवरील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिने पियानोचे वैयक्तिक धडे घेतलेल्यांची लक्ष वळवण्याच्या आणि माहिती वेगाने हाताळण्याच्या चाचण्यांतील कामगिरी, धडे न घेतलेल्यांच्या तुलनेत सुधारली. सहभागी मात्र जेमतेम तीसेक होते. त्यावरून संगीताने स्मृतिभ्रंश टळतो असे सांगणे मला अप्रामाणिक वाटते. पेटीवर साधा अलंकार, म्हणजे सरावासाठीची स्वरांची ठरावीक रचना, वाजवतानाही उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर, कान सुराकडे आणि मन मात्रांच्या मोजणीकडे एकाच वेळी ठेवावे लागते, आणि हा सराव उतारवयातही जमतो, फक्त वेग थोडा कमी असतो.