किल्टची कृत्रिम व मिश्र कापडे

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे, मागे चुण्या व पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर असलेले वस्त्र म्हणजे किल्ट. ते परंपरेने लोकरीच्या टार्टनचे, म्हणजे ठरावीक रंगक्रमाच्या चौकडी कापडाचे शिवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम तंतूंचा प्रसार झाला, तशी पॉलिएस्टर-व्हिस्कोज (व्हिस्कोज म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू), अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर-लोकर आणि पॉलिएस्टर-सूत ही कापडेही किल्टसाठी वापरात आली. व्यापारात या सर्वांना सरसकट ‘सिंथेटिक’ म्हणतात. हे वर्गीकरण फारच ढोबळ आहे. वापराच्या दृष्टीने चांगले पॉलिएस्टर-व्हिस्कोज हे अ‍ॅक्रिलिकपेक्षा लोकरीला अधिक जवळचे ठरते.

किल्टचे आजचे रूप नेमके केव्हा आले, हा जुना वाद आहे. त्याआधीचे ‘फेइले मोर’ हे न शिवलेले मोठे वस्त्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्ञात असावे. अरुंद मागावरचे दोन पन्हे, म्हणजे कापडाच्या रुंदीचे पट्टे, लांबीच्या कडेने जोडून केलेले हे कापड चुण्या धरून कमरपट्ट्याने आवळीत व वरचा भाग खांद्यावर घेत. त्याचा फक्त खालचा अर्धा भाग म्हणजे ‘फेइले बेग’. आजची किल्ट त्याच्यापासून आली. आयव्हन बेली या स्कॉटिश गृहस्थाने १७६८ मध्ये लिहिलेल्या व १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रानुसार, टॉमस रॉलिन्सन या इंग्रज, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कारखानदाराने १७३० च्या आगेमागे ग्लेनगॅरी भागातील आपल्या लोखंडाच्या भट्टीवर हा आखूड प्रकार काढला. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने हे मत उचलून धरले. त्याच्या विरोधात रॉलिन्सनपूर्व काळातील काही चित्रांकडे बोट दाखवले जाते. रॉलिन्सनला फार तर प्रसाराचे श्रेय द्यावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १७४६ च्या कायद्याने या पोशाखावर आलेली बंदी १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये ब्रिटिश राजा चौथा जॉर्ज याने एडिंबरोला भेट दिली, त्यानंतर या पोशाखाला शहरी प्रतिष्ठा मिळाली.

कापडाच्या दृष्टीने या वादातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ‘फेइले बेग’ एकाच पन्ह्याचे असल्याने गुडघ्याशी येणारी कड म्हणजे कापडाचा मूळ काठच होता. तेथे दुमड घालण्याचा प्रश्न नव्हता. आजही उत्तम किल्टच्या खालच्या कडेला टीप नसते. दुमड घातली, तर प्रत्येक चुणीच्या टोकाशी कापडाचे थर वाढतात, चुणी फुगते आणि चालताना झुलत नाही. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या, मागावर बाण्याचा (आडवा) धागा काठाशी वळून परत येतो, त्यामुळे काठ आपोआप बंद होतो. बिनधोट्याच्या वेगवान मागावर धागा प्रत्येक फेरीला तुटतो आणि त्याची टोके आत खोवावी लागतात. असा काठ थोडा जाड लागतो. स्वस्त कृत्रिम कापडांत अनेकदा किल्टजोगा काठच नसतो आणि शिंप्याला दुमड घालावी लागते. अशी किल्ट नीट लोंबत नाही, यात तंतूइतकाच विणकामाचाही दोष असतो.

टार्टनची वीण तिरपी असते: बाणा ताण्याच्या (उभ्या) दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीत एका धाग्याने सरकतो. दोन रंग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे बारीक तिरप्या रेघा दिसतात. छापील टार्टनमध्ये त्या नसतात किंवा उलट बाजू फिकी पडते. चुण्यांमध्ये उलट बाजू डोकावत असल्याने छापील कापड किल्टला चालत नाही.

कापडाचे वजन दुहेरी पन्ह्याच्या एका वारामागे औंसांत सांगतात. १० ते ११ औंस हलके, १३ मध्यम, १६ जड आणि लष्करी कापड त्याहूनही जड. पूर्ण किल्टला ‘आठ वार’ लागतात असे म्हणतात, ते एकेरी पन्ह्याचे. दुहेरी पन्ह्याचे चारच वार होतात. हे प्रमाण बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. आधीच्या किल्टना याच्या निम्मे कापड पुरत असे. चार वार १६ औंसी लोकरीचे कोरे कापड सुमारे १.८ किलो भरते, तर ११ औंसी पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे सव्वा किलोच्या आसपास.

मात्र वजनाचा आकडा सगळे सांगत नाही. लोकरीची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे १.३१ ग्रॅम, पॉलिएस्टरची १.३८, व्हिस्कोजची १.५२ आणि अ‍ॅक्रिलिकची केवळ १.१७ च्या आसपास असते. म्हणून अ‍ॅक्रिलिकचे कापड १३ औंसांचे असले, तरी फुगीर व सैल लागते. व्हिस्कोजमिश्रित कापड कमी वजनात पातळ, पण भारदार पडते. विक्रेते अ‍ॅक्रिलिकचे औंस ठळकपणे सांगतात तेव्हा ग्राहकाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पॉलिएस्टर-व्हिस्कोजमध्ये नेहमीचे प्रमाण ६५ टक्के पॉलिएस्टर व ३५ टक्के व्हिस्कोज असे असते. दोन्हींचे आखूड तंतू एकत्र मिसळून सूत कातल्यामुळे त्याला रेशमी चमक येत नाही व स्पर्श लोकरीसारखा होतो. इंग्लंडच्या यॉर्कशरमधील पूल-इन-व्हार्फडेल येथील मार्टन मिल्स ही गिरणी या प्रकारच्या टार्टनसाठी परिचित आहे. चुण्या टिकण्याचे कारण पॉलिएस्टरमध्ये आहे. सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या रेणूंना हालचालीची मुभा मिळते. त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला वाफेने दाबून, दाबाखालीच थंड केलेली चुणी धुतल्यावरही राहते. लोकरीची चुणी ओलावा व उष्णता यांनी बसते आणि पावसात भिजली की ढिली पडते. तिला पुन्हा पुन्हा इस्त्री लागते. उलट लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मिश्रणात ही उणीव व्हिस्कोज काहीशी भरून काढते; पण ओले झाले की व्हिस्कोज कमजोर होते, तेव्हा ताण पॉलिएस्टर पेलते.

रंगाईतही फरक आहे. पॉलिएस्टर दाबाखाली १३० अंशांच्या आसपास पाण्यात विखुरणाऱ्या रंगद्रव्यांनी रंगवतात, व्हिस्कोजला वेगळे रंग लागतात; दोघांची छटा जुळवणे हे कसबाचे काम. अ‍ॅक्रिलिक क्षारीय वर्गाच्या रंगांनी रंगते व ते रंग अतिशय भडक उतरतात. रॉयल स्ट्यूअर्ट या लाल टार्टनच्या स्वस्त कापडाचा लाल दुरूनच ओळखू येतो, तो यामुळेच.

अ‍ॅक्रिलिकच्या किल्ट प्रामुख्याने पाकिस्तानातील सियालकोटमधून येतात. तेथे बॅगपाइप व बँडचे साहित्य बनवण्याचा मोठा व्यवसाय आहे. किंमत कमी, वाळायला सोपे आणि कसर लागत नाही, हे गुण खरे. परंतु वाफेच्या इस्त्रीखाली हा तंतू ढिला पडतो, कापड कायमचे लुळे होते, चुणी बसत नाही. बसण्याच्या जागी बारीक गोळेही येतात. नाटकाचा वेश किंवा एखाद्या दिवसाची मिरवणूक एवढ्यापुरते ते ठीक आहे.

आगीबाबत लोकर निःसंशय सरस आहे. ती सहज पेट घेत नाही आणि ज्वाळा दूर केली की बहुधा विझते. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते व त्याचे तप्त थेंब कातडीला चिकटतात. अ‍ॅक्रिलिक भराभर जळते. शेकोटीभोवती वावरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पॉलिएस्टर-लोकर मिश्रणात ५५:४५ हे प्रमाण सूटच्या कापडात जुने आहे. आपल्याकडे त्याला टेरीवूल म्हणतात. किल्टमध्ये त्याचा वापर मर्यादित आहे. पॉलिएस्टर-सुताचे, म्हणजे आपल्या टेरीकॉटच्या जातीचे, कापड खिसेवाल्या कामकाजी किल्टना वापरतात. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील युटिलिकिल्ट्स कंपनीने २००० पासून असा प्रकार लोकप्रिय केला. त्यात टार्टन बहुधा नसतेच.

किल्ट कोणत्या तंतूची असावी याचे बंधन स्कॉटलंडच्या कायद्यात नाही. २००८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली टार्टन नोंदवही २००९ पासून चालू असून तिच्यात रंग व धाग्यांचा क्रम नोंदतात, तंतू नव्हे. हॅरिस ट्वीड या स्कॉटिश लोकरी कापडाला मात्र १९९३ च्या कायद्याने शुद्ध लोकर व आउटर हेब्रिडीज बेटांवरील विणकरांच्या घरची विणाई या अटी घातल्या आहेत. त्यामुळे ‘अस्सल किल्ट’ हा शब्दप्रयोग कायद्याने ठरलेला नसून रूढीने चालत आलेला आहे.

भारतात पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे विणकाम राजस्थानातील भिलवाडा येथे मोठ्या प्रमाणावर होते. सूट व शालेय गणवेशाची कापडे हा तेथील मुख्य माल. मुलींच्या चौकडीच्या, चुणीदार स्कर्टना महाराष्ट्रातल्या शाळांतही अशीच मिश्र कापडे वापरतात. मिश्र कापडाची किल्ट यंत्रात धुण्यापूर्वी चुण्यांवर कच्चा धावदोरा घालावा, पाणी कोमट ठेवावे आणि पिळू नये. धावदोरा वाळल्यावरच उसवावा.