मोठ्या बोअरच्या पिस्तुलाची गोळी माणसाला मागे उडवते का?

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रिव्हॉल्वरची, त्यातही घरी हाताने भरलेल्या जोरदार काडतुसाची, गोळी लागली की माणूस चार-पाच फूट मागे फेकला जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पडद्यावर तसेच दिसत आल्याने हा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र तसे घडत नाही.

अमेरिकेत १९५५ च्या सुमारास आलेले .४४ मॅग्नम हे काडतूस घेऊ. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साधारण १५.५ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने निघते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तो येथे ६.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद इतका येतो. ७० किलोच्या माणसाच्या अंगात गोळी रुतून राहिली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १० सेंटीमीटर असतो. ताशी १५० किलोमीटरने आलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेगही जवळपास तेवढाच असतो, आणि तो बरगडीवर बसलेला फलंदाज कळवळतो, पण मागे उडत नाही.

मग गोळी इतकी घातक का? कारण तिची गतिज ऊर्जा त्या चेंडूच्या सुमारे दहापट असते आणि ती जेमतेम ११ मिलिमीटर व्यासाच्या जागेवर एकवटते. माणूस कोसळतो तो इजेमुळे, धक्क्याने नव्हे.

पडताळा सोपा आहे: गोळीला पुढे ढकलताना पिस्तूल नेमबाजाच्या हाताला निदान तेवढाच संवेग मागे देते, शिवाय वायूंचा धक्का वेगळा, तरीही नेमबाज जागेवर उभा राहतो. काडतुसात दारू वाढवली, तर हा धक्काही त्याच्याच मनगटावर वाढतो.