साडेचार फुटांची आडभिंत

मुंबईत मुलांच्या इंटरनेट-सुरक्षेचा प्रश्न प्रथम घरात नव्हे, तर सायबर कॅफेत उभा राहिला. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबई पहिल्या काही शहरांत होती. परंतु घरी संगणक थोड्यांनाच परवडत असल्याने शाळकरी मुले तासाचे पैसे मोजून कॅफेतील आडोशामागे बसत. २००१ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नेमलेल्या समितीने पुढील वर्षी सुचवले की, अल्पवयीनांना सर्वांच्या नजरेतील मोकळ्या जागेतल्या संगणकांवरच बसू द्यावे. हाच विचार २०११ च्या केंद्रीय नियमांतही दिसतो : आडभिंत साडेचार फुटांहून उंच नसावी आणि पालक सोबत असल्याखेरीज अल्पवयीनांना तिच्यामागे बसू देऊ नये.

संरक्षणाची ही सारी कल्पना मोठ्यांच्या नजरेवर उभी होती. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, आणि ज्या आईवडिलांनी तोवर फोन नाकारला होता त्यांनाच तो तासिकांसाठी मुलांच्या हाती द्यावा लागला. ‘संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा’ हा सल्ला बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या बिऱ्हाडाला तसाही फारसा उपयोगाचा नव्हता. तिथे मूल दिवसभर सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि तरीही हातातल्या पडद्यावर कोण त्याच्याशी बोलत आहे, हे शेजारी बसलेल्या आजीलाही कळत नाही.

कायदा मात्र हळूहळू सरकत राहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या कलम ६७-ब ने मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. समाजमाध्यमांवरील तेरा वर्षांची अट अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली असून ती मुलांची माहिती गोळा करण्याविषयी आहे. तेराव्या वर्षी मूल सुरक्षित होते, असा तिचा अर्थ पालकांनी कदापि घेऊ नये. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. पण ज्या घरात आईचे खातेच मुलाने उघडून दिलेले असते, तिथे ही संमती कोण कोणाला देणार, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

म्हणूनच नजरेची जागा आता बोलण्याने घ्यावी लागते. कोणी छायाचित्रांवरून धमकावत असेल, तर ‘घरी कळले की फोन जाईल’ या भीतीने मूल गप्प राहते आणि धमकावणाऱ्याचे तेवढ्यावरच फावते. सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही, हे पालकांनी आधीच सांगून ठेवावे. प्रसंग आल्यास संदेश न पुसता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी. घरी बोलणे अशक्यच वाटले, तर मुलाला स्वतःहून १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवता येतो. ही सेवा १९९६ मध्ये याच शहरात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली होती.