न्यूझीलंडच्या ॲन्झॅक फ्रिगेट्स आणि त्यांच्या जागी काय येणार

न्यूझीलंडच्या नौदलाकडे खरोखर लढाऊ म्हणावीत अशी जहाजं दोनच आहेत, 'ते काहा' (१९९७ मध्ये सेवेत आली) आणि 'ते माना' (१९९९). दोन्ही ॲन्झॅक वर्गातल्या फ्रिगेट्स, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, साधारण ३,६०० टनांच्या, ११८ मीटर लांब. बाकीचा ताफा म्हणजे टँकर, सैन्य आणि सामान नेणारं जहाज, गस्तीनौका वगैरे. त्यात २००१ मध्ये देशाने आपली लढाऊ विमानंही बंद करून टाकली, त्यामुळे समुद्रात दुसऱ्या कुणाला हवाई हल्ल्यापासून वाचवू शकेल अशी चीज म्हणजे याच दोन बोटी. आता त्या तिशीच्या आसपास आल्यात आणि प्रश्न असा आहे की त्यांच्या जागी काय घ्यायचं, किती घ्यायच्या आणि कधी. २०१९ च्या संरक्षण योजनेत २०३० च्या दशकाच्या मध्यावर बदलू असं म्हटलं होतं. एप्रिल २०२५ च्या योजनेत आहेत त्या बोटी तोवर चालत्या ठेवायला पैसे आणि नव्यांची तयारी, दोन्ही आहे.

याआधी तिथे लिएंडर वर्गातल्या चार फ्रिगेट्स होत्या. मुंबईकरांना हे डिझाइन अनोळखी नाही, माझगाव डॉकने १९७० च्या दशकात बांधलेल्या जुन्या नीलगिरी वर्गाच्या बोटी याच ब्रिटिश आराखड्यावरच्या. न्यूझीलंडच्या चारपैकी तीन, म्हणजे वायकाटो, वेलिंग्टन आणि कँटरबरी, आज समुद्राच्या तळाशी आहेत, मुद्दाम बुडवलेल्या, डायव्हिंगवाल्यांसाठी.

ॲन्झॅकचा करार १९८९ चा. अणुशक्तीवर चालणारी किंवा अण्वस्त्रं असलेली जहाजं बंदरात येऊ द्यायची नाहीत या धोरणावरून अमेरिकेशी बिनसलेलं होतं, म्हणून निदान ऑस्ट्रेलियाला तरी धरून राहावं असा हिशोब होता, आणि घरात मात्र एवढ्या महागड्या बोटी कशाला म्हणून जोरदार विरोध चालू होता. जर्मन मेको २०० डिझाइनवर मेलबर्नजवळच्या विल्यम्सटाऊनला दहा बोटी बांधल्या गेल्या, आठ ऑस्ट्रेलियाच्या आणि दोन न्यूझीलंडच्या. आणखी दोन घ्यायचा पर्याय करारात होता, तो १९९० च्या दशकाच्या शेवटी सोडून दिला, आणि माझ्या मते आजच्या अर्ध्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

कारण दोन बोटींचं गणित जमतच नाही. एक समुद्रावर, एक दुरुस्तीत आणि एक ट्रेनिंगमध्ये असं धरलं तर एक बोट कायम हाताशी राहायला कमीत कमी तीन लागतात. याचा अनुभव त्यांनी घेतलाय. रडार, लढाईची कॉम्प्युटर यंत्रणा आणि विमानं पाडणारी सी सेप्टर क्षेपणास्त्रं बसवायला ते काहा २०१८ मध्ये कॅनडात गेली, ती यायच्या आधीच २०१९ मध्ये ते मानासुद्धा तिकडेच पोचली, म्हणजे २०२० च्या अखेरीस ते काहा परत येईपर्यंत देशाकडे वापरायला एकही फ्रिगेट नव्हती, आणि ते माना तर २०२२ मध्ये आली. खर्चही वाढत वाढत सुमारे ६४ कोटी न्यूझीलंड डॉलरपर्यंत गेला. बोटी मात्र चांगल्या झाल्या हे खरं.

दुसरी गोम म्हणजे जोडीदार. एकाच बिल्डिंगमध्ये दहा घरांत एकाच कंपनीचा फ्रिज असला की मेकॅनिक आणि पार्ट दोन्ही सहज मिळतात, ॲन्झॅकचं सुरुवातीला तसंच होतं. पण अपग्रेडच्या वेळी ऑस्ट्रेलियाने स्वतःचं वेगळं रडार बसवलं, न्यूझीलंडने कॅनडाचा रस्ता धरला, आणि मे २०२४ मध्ये तर खुद्द 'ॲन्झॅक' ही पहिली बोटच ऑस्ट्रेलियाने निवृत्त केली. पुढे बाकीच्याही जातील, मग पार्ट शोधायला या दोन बोटी एकट्याच उरणार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी नौदलाची तीन जहाजं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या टास्मन समुद्रात आली, तिथे गोळीबाराचा सराव केला आणि प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. त्यांच्या मागावर ते काहा होती. त्या ताफ्यातल्या टाइप ०५५ या मोठ्या विनाशिकेवर क्षेपणास्त्रांचे ११२ उभे कप्पे असतात, ते काहावर २०. तुलना थोडी अन्यायाची आहे, पण फ्रिगेट हवीच कशाला हा जुना प्रश्न त्यानंतर बराच मवाळ झाला.

पर्यायांत सगळ्यात जास्त बोललं जातं ते जपानच्या सुधारित मोगामी फ्रिगेटबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने तीच निवडली, ११ बोटी, पहिल्या तीन जपानमध्ये बांधून, पहिली २०२९ मध्ये अपेक्षित. शेजाऱ्याबरोबर घेतलं की ट्रेनिंग, दारूगोळा, पार्ट सगळं जुळतं, आणि नव्वदएक माणसांत बोट चालते, जिथे ॲन्झॅकला पावणेदोनशेच्या आसपास लागतात. खलाशी नोकरी सोडून गेल्यामुळे ज्या नौदलाला गस्तीनौका धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या त्यांच्यासाठी हा आकडा तोफेपेक्षा मोठा आहे. दुसरी ब्रिटनची टाइप ३१, स्कॉटलंडमधल्या रोसाइथला बॅबकॉक बांधतं, तीच कंपनी जी ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावरची गोदी सांभाळते. स्वस्त, ऐसपैस, माणसंही कमी. ब्रिटनचीच मोठी फ्रिगेट टाइप २६ शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यात उत्तम, पण किंमत बघता ती यांच्या आवाक्यातली नाही. जुनी वापरलेली बोट घ्यायची ही सूचना अधूनमधून येते, तिने चार वर्षं ढकलता येतील फार तर. फ्रिगेट सोडून नुसत्या मोठ्या गस्तीनौका आणि ड्रोन घ्या असंही म्हणणारे आहेत, मासेमारीवर लक्ष ठेवायला ते पुरेसं आहे, टास्मनमधल्या त्या प्रसंगाला नाही.

वेळेचं बघायचं तर त्यांचाच जुना अनुभव घ्या, करार १९८९, पहिली बोट सेवेत १९९७, आठ वर्षं. २०३५ ला नवी बोट हवी असेल तर सही २०२७ च्या आसपास व्हायला पाहिजे, आणि जपान काय ब्रिटन काय, कारखान्यांत आधीच स्वतःच्या आणि इतरांच्या ऑर्डरी लागलेल्या आहेत, रांगेत उशिरा उभं राहिलं की नंबरही उशिराच. त्यात तिथली संसद तीन वर्षांची, म्हणजे एक बोट कागदावरून पाण्यात येईपर्यंत दोन-तीन निवडणुका होणार. शिवाय फ्रिगेट एकटी म्हातारी होत नाहीये, ताफ्यातली जवळजवळ सगळी जहाजं २०३० च्या दशकाच्या मध्यावर एकदमच आयुष्य संपवतायत, म्हणून २०२३ मध्ये अख्खा ताफाच एकत्र बदलता येईल का याची चाचपणी सुरू झाली होती. कमी प्रकारची जहाजं हा विचार पटतो, पण सगळी बिलं एकाच दशकात येणार हे त्याने टळत नाही.

एक निर्णय मात्र आधीच झालाय. जुन्या सीस्प्राइट हेलिकॉप्टरच्या जागी पाच एमएच-६० आर सीहॉक घ्यायचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं, दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या वर खर्च आहे, तेव्हा फ्रिगेट कुठलीही येवो, तिचा हँगर सीहॉकच्या मापाचा लागणार.